उकंडरावांची दाढ

सेनगावच्या बाजूला उकंडरावांसारखा गडी नव्हता. मारका बैल शिंगाला धरून दावणीला आणायचे. पण दाढ ठणकायला लागली आणि पाच दिवसांत गडी पार कोमेजला. लवंग झाली, तंबाखू झाली. गाल भाकरीच्या उंड्याएवढा फुगला. दवाखान्याचा विषय निघाला की कधी अमावस्या आडवी यायची, कधी बाजार. सहाव्या दिवशी त्यांच्या कारभारणीनं, मंजुळाबाईनं, काही न विचारता छकडा जुंपायला लावला आणि हिंगोली गाठली.

दवाखान्याच्या ओसरीवर बसल्या बसल्या आतून कोणाची तरी किंकाळी आली आणि उकंडरावांचं उरलंसुरलं अवसान गळालं. तेवढ्यात नोंदी ठेवणाऱ्या मुनशीनं निजामी अमलातली उर्दू वही उघडून नाव विचारलं. उकंडरावांनी जबड्याकडे बोट केलं, मान हलवली. जबडा गच्च बसलाय, बोलता येत नाही. मग बायकोकडे बोट केलं. आयत्या वेळी सुचलेल्या या डावावर ते मनातून खूश होते. मंजुळाबाई नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईनं बजावलेलं.

नावाशिवाय आत सोडता येत नाही, मुनशी म्हणाला. मंजुळाबाई पदर पिळत राहिली. रामकिशनचे वडील लिहा, म्हणाली. ते चालेना. उकंडराव पटका सावरत उठलेसुद्धा.

मंजुळाबाईनं त्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. पाच दिवस धड घास गेला नव्हता पोटात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लिवा," ती अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "उकंडराव. उकंडराव म्हणतेत ह्यास्नी."

उकंडरावांनी आ वासला. गच्च बसलेला जबडा सताड उघडला आणि दारात आलेल्या डॉक्टरला दाढ तिथूनच दिसली. पुढचं चिमट्यानं उरकलं. बैल धरणाऱ्या गड्याला खुर्चीत धरून ठेवायला दोन माणसं लागली.

घरी मिठाच्या गुळण्या, गार आंबील आणि डॉक्टरनं सांगितलेलं मौन. मंजुळाबाईनंही बोलणं टाकलं. शनिवारचा उपास धरला, आणि दिवसातून दहादा येऊन नवऱ्याचा श्वास चालतोय का ते पाहून जायची. आपल्या डावाच्या लाजेनं उकंडरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी दुधात कुस्करलेली भाकर खाऊन ते बोलले.

"अगं, जबडा बसला नव्हता माहा. भेलो होतो."

"ठावं हाय मला."

"मी काई मेलो न्हाई. आणिक एकदा घे माहं नाव."

मंजुळाबाईनं पदराआड हसू दाबलं.

"काहून? दुसरी दाढ दुखून राहिली का?"