तिसऱ्याची जागा

चांगुणाबाईंनी फोन उखळाला टेकवून उभा केला आणि पडद्यावर आलेल्या थोरल्या लेकीला दटावलं,

"थांब गं संगिता. सारे येऊ दे. मंगच बोलायचं."

संगिता थांबली. पुण्याहून सोमेश्वर आला, तोही थांबला. बापाशी भांडून घर सोडलेल्या शिवहारच्या चौकोनात नुसती घंटी. सोमेश्वरचं लेकरू रडायला लागलं. संगिताच्या कुकरची शिट्टी झाली.

फोन बंद. कोणीच बोललं नाही. मागच्या रविवारीही.

संगिता, सोमेश्वर, शिवहार, राधिका. चौघं लेकरं, जन्मले त्या क्रमानं.

धाकटी राधिका गावी, साखऱ्यात, आईजवळच. ओट्यावर लॅपटॉप. काम प्रोग्राम लिहायचं: त्यानं साऱ्या बाजारांच्या साइटना सोयाबीनचा भाव एकदमच विचारायचा, एकेकाला विचारत बसलं तर दिवस जातो. विचारलं की लगेच मिळतं त्याला कोडमध्ये म्हणतात प्रॉमिस. उत्तर नव्हे, उत्तर देईन एवढा शब्द. 'प्रॉमिस ऑल' ही आज्ञा सगळ्यांसाठी थांबते. पण एकानं जरी नकार दिला, तर

पडदा कोरा. बाकीच्यांचे भाव आलेले असूनही.

"काय करून राहिलीस?" शेळ्या बांधता बांधता चांगुणाबाईंनी विचारलं.

"'ऑल सेटल्ड' लावून राहिले. एखादा न्हाई म्हनला तरी बाकीचे दिसतील."

"आन् न्हाई म्हननारा?"

"त्याची जागा राहती, माय. कोनी कवाबी येवो, ज्याचं त्याच्या जागी. तुझ्या शेळ्या येतात ना आपापल्या खुंटीला, तसं. न्हाई म्हनला तर तिथं कारण येतं."

"कारण बी सांगतं?" हातातलं दावं तसंच राहिलं.

"व्हय."

"बरं हाये तुझं. आमचं पोरगं न्हाई सांगत."

पुढचा रविवार. संगिता. सोमेश्वर. घंटी. दोघंही सवयीनं गप्प.

"संगिते, गुडघा कसा हाये?" चांगुणाबाईंनीच विचारलं.

संगिता दचकली. मग बोलतच सुटली.

"सोमेश्वरा, लेकराला दात आले का रे?"

त्यानं लेकराचं तोंड उघडून दाखवलं. सगळे हसले.

मग चांगुणाबाई थांबल्या. पदर सारखा केला. शिवहारच्या चौकोनाकडे मान किंचित कलती ठेवून बसल्या, समोरचा बोलत असावा तशा. राधिकाला वाटलं, नेट गेलं.

त्यांनी हुंकार दिला. मग म्हणाल्या,

"आन् राधिके, जेवलीस का?"

राधिका त्यांच्या शेजारीच बसली होती.

"जेवले, माय," ती फोनकडे बघत म्हणाली.