मीनाक्षीबाई पियानो बघायला जातात

निवृत्तीच्या निरोपसमारंभात काहीतरी बोलावंच लागतं, म्हणून मीनाक्षीबाई सबनीस बोलून गेल्या. हारतुरे झाल्यावर दिल्लीच्या मंत्रालयातल्या त्यांच्या साहेबांनी विचारलं, "मैडम, अब आगे क्या प्लान है?" तीर्थयात्रा म्हणावी तर गुडघे कुरकुरतात, नातवंडं म्हणावीत तर चिरंजिवांनी अजून लग्नाचं नाव काढलेलं नाही. "पियानो सीखूँगी," त्या म्हणाल्या. सगळ्या सेक्शनने टाळ्या वाजवल्या. मेट्रोत बसल्यावर त्यांना आपलंच हसू आलं. पण द्वारका येईपर्यंत हसू विरलं आणि इच्छा तेवढी शिल्लक राहिली.

"घरात पेटी असताना?" दीनानाथरावांनी विचारलं. पहाडगंजच्या गणपतीत भजनाला पेटीवर तेच बसत. त्यामुळे घरातलं संगीतखातं कायमचं आपल्याकडे आहे, अशी त्यांची समजूत होती.

"पेटी तुमची. मला माझं काहीतरी हवंय."

"अच्छा. मग बोलणी मी करीन. तुला ते लोक सहज गुंडाळतील."

रविवारी दोघं नोएडातल्या एका मोठ्या वाद्यांच्या दुकानात गेली. आत शिरताच मीनाक्षीबाई दाराशीच थबकल्या. मधोमध ठेवलेल्या काळ्या, चकचकीत पियानोवर दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी अशी वाजवत होती, की बोटं दिसतच नव्हती. चपलेचा आवाजही होऊ नये अशा बेताने बाई कडेकडेने चालू लागल्या. वाजवून बघितल्याशिवाय पियानो निवडायचा कसा, आणि वाजवता येत नसताना तो वाजवून बघायचा कसा?

गळ्यात ओळखपत्र लटकवलेला सेल्समन पुढे आला. "नमस्ते सर. बच्चे के लिए देख रहे हैं?"

"हाँ हाँ, पोती के लिए," दीनानाथराव तत्काळ म्हणाले.

मीनाक्षीबाई बघतच राहिल्या. "अहो, कुठली नात?" त्या कुजबुजल्या.

"गप्प बस. उगाच तमाशा नको."

"कितनी बड़ी है बच्ची?"

"छह साल की. बहुत होशियार है."

आता सेल्समनला जोर चढला. त्याने एक छोटा कीबोर्ड काढून समोर ठेवला. बटण दाबलं की त्यातून बासरी निघे, दुसरं दाबलं की सतार, तिसऱ्याला चक्क कुत्रा भुंके. तबलाही होता. दीनानाथरावांचे डोळे लकाकले. "अगं, केरवा आहे यात! हाच घेऊ."

बाईंनी हळूच एक पट्टी दाबली. ती रिमोटच्या बटणासारखी पोकळ, हलकी लागली. जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज आपला तेवढाच. "मला कुत्रा नकोय," त्या म्हणाल्या.

"आंटीजी, छोटे बच्चों के हाथ नाज़ुक होते हैं, उनके लिए यही..."

"भैया, बच्चा मैं हूँ."

त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हे जरा मोठ्यानेच बोललं गेलं. वेण्यावालीची बोटं थांबली. सेल्समनने बाईंकडे बघितलं, मग दीनानाथरावांकडे. ते भिंतीवरच्या गिटारी मोजू लागले होते.

"सीखना मुझे है. बजाना बिल्कुल नहीं आता. अब दिखाइए."

एकदा लाज टाकल्यावर सगळं सोपं झालं. त्यांनी एकाच बोटाने प्रत्येक वाद्यावर सा रे ग म वाजवलं, सगळ्यांच्या देखत. पुष्कळ वाद्यं झाल्यावर भिंतीलगतच्या एका साध्या, तपकिरी डिजिटल पियानोवर त्यांचं बोट अडलं. याच्या पट्ट्यांना वजन होतं. हलकेच दाबलं की तो कुजबुजायचा, जोर दिला की खणखणायचा. बोटाचं कुणीतरी ऐकून घेतंय, असं बाईंना वाटलं. त्यांनी पुन्हा सा लावला, आणि तो विरून जाईपर्यंत दुसरी पट्टी दाबलीच नाही.

"बघू, सरक जरा," दीनानाथरावांना राहवेना. ते ऐटीत बसले, उजव्या हाताने एक भजन उचललं, आणि डावा हात सवयीने पियानोच्या मागे गेला. तिथे भाता कुठला? हात भिंतीवर चाचपडत राहिला. वेण्यावाली खुदकन हसली.

"अंकल, लेफ्ट हैंड भी आगे," ती म्हणाली.

त्यांनी डावा हात पुढे आणला, पट्ट्यांवर ठेवला, आणि त्याचं काय करायचं ते न कळून परत मांडीवर घेतला. "छे! हे काही खरं नाही," ते उठत म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला होता. बाईंना त्यांची दया आली, तरी त्या म्हणाल्या, "भैया, यही दे दीजिए."

तपकिरी पियानो द्वारकेच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी लागला. शिकवायला सेक्टर बारामधल्या अलकाताई येऊ लागल्या. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मीनाक्षीबाई दुपारी हेडफोन लावून सराव करत. आठवड्याभरातच खालच्या मजल्यावरच्या खन्नाबाई वर आल्या.

"भाभीजी, बुरा मत मानना. रोज़ दोपहर को क्या कूटते हो आप लोग?"

हेडफोनमधलं संगीत बाईंच्या कानातच राहत होतं. खाली पोचत होती ती पट्ट्यांची नुसती ठकठक. बाईंनी त्यांना आत बोलावलं, हेडफोनची वायर उपटली आणि धडा पहिला वाजवून दाखवला. मध्ये तीनदा अडखळल्या. खन्नाबाईंनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"आप कूट ही लो जी," त्या म्हणाल्या.

दीनानाथराव खो खो हसले. बाईही हसल्या, पदराने डोळे पुसले, आणि जिथे अडखळल्या होत्या तिथून पुन्हा वाजवायला लागल्या. हेडफोन न लावता. खन्नाबाई चहा होईपर्यंत बसल्या.