साखळीवरची कुलपं

किल्ली तळहाताला घामानं चिकटली होती — करंगळीच्या पेराएवढी, पितळी, टोकाला हिरव्या दोऱ्याची गाठ — आणि योगराज ती कितव्या तरी कुलपात घालून बघत होता. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसानं भर दुपारी डोक्याला रुमाल बांधून दर्ग्याच्या जाळीखाली उकिडवं बसावं, साखळीवरचं एकेक कुलूप चाचपावं... अमळनेरच्या कॉलेजात कुणी पाहिलं असतं तर आठवडाभर चहाबरोबर हाच विषय पुरला असता.

सुलक्षणा गेल्यावर किल्ली तिच्या शिवणाच्या डब्यात सापडली, सुकलेल्या गुलाबपाकळ्यांच्या पुडीत. घरातल्या प्रत्येक पेटीला लावून झाली. मग कधीतरी आठवलं — बावीस वर्षांपूर्वी, पाचोऱ्याच्या लग्नाहून परतताना, भडगावला उतरून आपण तिला गिरणेकाठच्या या दर्ग्यात आणलं होतं. आणलं म्हणजे काय, मला चारशे वर्षांपूर्वीचं कोरीवकाम बघायचं होतं आणि ती सोबत होती. बायकांना आत मजारीपाशी जाऊ देत नाहीत, म्हणून ती बाहेर, नवसाची कुलपं लावतात त्या जाळीशी थांबली. अर्धा तास मी आत फोटो काढले, बाहेर येऊन तिला कमानींची माहिती दिली, आणि ती नेहमीसारखी 'हो का' म्हणाली. त्याच अर्ध्या तासात तिनं काहीतरी मागितलं होतं, कुलूप लावलं होतं, किल्ली पदराला बांधली होती.

मूल नव्हतं मागितलं, एवढं नक्की. आदल्याच वर्षी तिची गर्भपिशवी काढली होती. घर होतं, पगार होता; मी पीत नव्हतो, कधी हात उगारला नाही... मग काय कमी होतं तिला? आणि असलंच, तर ते मला सोडून या दगडाला का सांगितलं? राग यायचा त्याला. अकरा महिने तो एका मेलेल्या बाईवर रुसून बसला होता.

दर्ग्याची झाडलोट करणाऱ्या जुबेदाबीनं आल्या आल्याच सांगितलं होतं, "मन्नत पुरी व्हयनी का माणूस येस, आपलं कुलूप उघाडस, अन् गिरणामा टाकी देस." म्हणजे लटकलेलं प्रत्येक कुलूप कुणाचं तरी न मिळालेलं मागणं. सुलक्षणाचं इथं नसेलच, आपल्याला न सांगता ती कधीतरी येऊन गेली असेल, असं त्याला वाटून घ्यायचं होतं. पण मग किल्ली का जपली असती तिनं?

किल्ली फिरली. गंजलेली कडी खट्कन वर आली, आणि त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं, इतकं की डोळे भरून आले. हे तिचं. इथं टेकली होती ती, याच दगडाला.

मग जुनी खोड. एका प्रयोगावर विश्वास ठेवायचा नाही. शेजारच्या कुलपात त्यानं किल्ली घातली. तेही उघडलं.

"दारवरना एकच दुकानना शेतस बठ्ठा कुलूप," केरसुणी थांबवून जुबेदाबी म्हणाली. "एक चाबी चार जागे लागस, भाऊ. तुमनी बाईनी काय मांगेल व्हतं?"

"माहीत नाही."

"कधी इचारं नही?"

पस्तीस वर्षांत जेवायला काय करू, हे ती रोज विचारायची. आपण तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. फक्त सांगितलं होतं.

"मंग बंद करी द्या," ती हळूच म्हणाली. "एक तरी दुसरानं शे."

तिनं पुन्हा झाडायला घेतलं. दोन उघडी कुलपं दोन हातांत धरून योगराज बसून राहिला. सारखीच गंजलेली, सारखीच हलकी. एक तिचं असेल, कदाचित एकही नसेल. दुसरं कुणाचं... कुठल्या गावची बाई, कुणाला न सांगता आलेली. त्यानं पहिलं बंद केलं. मग दुसरं, अंगठ्यानं दाबून, पक्कं. आणि दाबता दाबता मनात म्हणाला, काय असेल ते मिळू दे हिला. दोघींना.

उठून रुमाल सोडायला त्यानं हात वर नेला, तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं, की आपण मागितलं. कुणाकडे, ते बघायचं राहूनच गेलं होतं. हात तसाच रुमालावर राहिला.