बाहेर पडायचं बटण

मी सुशिलाबाईचा मोबाईल बोलतोय, आणि तेही पालथा पडून. कुडवा गावातल्या या घरात माझी जागा स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी. काच तडकलेली, बॅटरी म्हातारी, चार्जरची वायर चोवीस तास नाकात. तरी मला भंगार म्हणू नका, राग येतो.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. शुद्ध आली ती दुर्गेश्वरीच्या हातात. या घरची लेक. कॉलेजभर तिनं मला वागवलं, लग्न होऊन बंगळूरला गेली तेव्हा आईच्या हाती सोपवलं.

यंदा ती गरोदर राहिली आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची बंदी केली. पडल्या पडल्या पोरगी करणार काय? पडद्यातली एक दुनिया असते. तिथं माणसं आपापलं बाहुलं घेऊन हिंडतात, घरं बांधतात, एकमेकांना गाणी ऐकवतात. दुर्गेश्वरीनं तिथं घर बांधलं, पुढं अंगण केलं, अंगणात दिवसभर गाणी लावून ठेवली. आईबाबांसाठी एकच बाहुलं केलं, लुगड्यातलं. त्याचं नाव एक, पासवर्डही एकच.

खुशालनं, म्हणजे तिच्या मोठ्या भावानं, ते माझ्यात घालून दिलं आणि तो विसरूनही गेला. सुशिलाबाई रोज लेकीच्या अंगणात जाऊन बसू लागली. तिकडची गाणी माझ्यातून इकडे वाजायची आणि ही भाकरी थापायची. घरच्यांना वाटे, बाई मोबाईलवर गाणी ऐकते.

निघायची वेळ आली की पडद्यावर बटण यायचं, ‘बाहेर पडा’. सुशिलाबाईनं त्याला कधी बोट लावलं नाही. आमच्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. आणि हे तर दोन जिवांच्या लेकीचं अंगण. ती आपली “येतो मी बाई” म्हणायची आणि मला पालथं ठेवायची. पडदा विझायचा, मी आतून जागा. तिचं बाहुलं तिथंच बसलेलं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी माहेरी येतात, रात्री दंडार हे इकडचं लोकनाट्य रंगतं, त्याची गाणी होतात. दुर्गेश्वरीचे बाबा यादोराव म्हणजे दंडारीचा जुना आवाज, आणि लेकीनं त्यांचं गाणं एकाही मंडईला चुकवलं नव्हतं. यंदा ती फोनवर नुसती रडली. तेव्हा म्हातारा म्हणाला, मग मी तिच्या अंगणात गातो.

ठरल्या संध्याकाळी खुशालनं लॅपटॉप मांडला, माईक जोडला. यादोराव नवं धोतर नेसून बसले. पण लॅपटॉप काही आत घेईना. तुम्ही आधीच आत आहात, हेच पुन्हा पुन्हा सांगे.

“आत कुठं? दारात उभे आहो ना आपण! सिस्टमच येडं झालं,” खुशाल करवादला. त्यानं लॅपटॉप बंद करून पाहिला, राउटरची वायर काढून पुन्हा खोचली, स्वतःच्या मोबाईलचं नेट जोडलं. मग आईवर घसरला, ती गाणी बंद कर, नेट खातात. सुशिलाबाईनं मुकाट्यानं माझा आवाज बारीक केला आणि मला पालथं ठेवलं.

मला सगळं ठाऊक होतं हो! ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मोबाईलनं दुसऱ्यांचं बोलणं पोचवायचं, स्वतःचं नाही. तिकडे यादोराव माईकशी बसून पुन्हा पुन्हा घसा साफ करत होते, आणि ते मला ऐकवेना.

तेवढ्यात खुशालच्या मोबाईलवर दुर्गेश्वरीचा फोन आला. आवाज रडवेला.

“दादा, बाबा काऊन गाऊन नाही राहिले? आई तर केव्हाची येऊन बसली.”

खुशाल उठून स्वयंपाकघरात आला, त्यानं मला सुलटं केलं. पडद्यावर अंगण, आणि अंगणात लुगड्यातली बाई. त्यानं बटणाकडे बोट नेलं. आईचं बाहुलं इथून बाहेर पडलं की तेच लॅपटॉपवरून आत शिरेल, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

सुशिलाबाईनं त्याचा हात धरला. “राहू दे. तिले अंगणातून उठवू नको.”

फोन अजून चालूच होता. दुर्गेश्वरी म्हणाली, “दादा, मी रात्री कुशीवर वळलो तरी आई तिथं दिसते. तिले नको काढू.”

मग काय करणार? यादोरावच उठून स्वयंपाकघरात आले. पिठाच्या डब्याला पाठ टेकून खाली बसले, मला तोंडाशी धरलं आणि गायले. माझा माईक जुना, आवाज जरा फाटला असेल. पण लेक तिकडून म्हणाली, “येऊन राहिला बाबा, आवाज येऊन राहिला.” मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

आता खुशाल म्हणतो, हा डब्बा एक्सचेंजमध्ये देऊन टाकू. घाई करू नका रे. धानाची मळणी आटोपली की सुशिलाबाई बंगळूरची गाडी धरणार आहे. तोवर मला चार्जिंगवर राहू द्या. ती लेकीच्या उशाशी जाऊन बसली की मग मी विझलो तरी चालेल. ते बटण मात्र तेव्हाही दाबू नका.