ट्रेलरवरून सांगितलेली गोष्ट

त्र्यंबकराव क्षेमकल्याणी यांनी अकराशे बारा सिनेमांच्या गोष्टी लिहून ठेवल्या होत्या, आणि त्यातला एकही सिनेमा पाहिला नव्हता.

सुरुवात ब्याण्णव सालची. तेव्हा ते वाचनालयात नोकरीला होते. घरी जाताना वाटेत सलीमचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान लागे. कॅसेटच्या सुरुवातीला दुसऱ्या सिनेमांची ट्रेलरं असत. गिऱ्हाइकं ती पळवून पुढे जात. त्र्यंबकराव मात्र काउंटरपाशी उभे राहून नेमकी तेवढीच बघत, आणि खरा सिनेमा सुरू झाला की "येतो हं सलीमभाई" म्हणून छत्री उचलत.

घरी तीन वह्या होत्या. माहितीपटांची हिरवी, नाट्यपटांची लाल, आणि चार मित्रांनी मिळून जमेल तसे काढलेल्या स्वतंत्र सिनेमांची निळी. प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले. सिनेमाचं नाव, ट्रेलरमध्ये काय दिसलं, त्यावरून गोष्ट काय असावी, आणि शेवटचा रकाना, 'खरी गोष्ट'. हा चौथा रकाना बारा वर्षं कोराच होता.

"अहो, एकदा जाऊन बघा तरी तुमचं बरोबर येतंय का," वत्सलाबाई म्हणायच्या. त्या स्वतः दर महिन्याला मैत्रिणींबरोबर सिनेमाला जात आणि घरी आल्या आल्या शेवट सांगायला लागत. त्र्यंबकराव दोन्ही कानांवर हात ठेवून गच्चीत पळत.

कारण साधं होतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. एक गोष्ट चुकलेली निघाली तर उरलेल्या अकराशे अकरांचं काय? आपण आयुष्यभर नुसतं बरळत आलो असं सिद्ध झालं तर? त्यापेक्षा रकाना कोरा बरा.

उत्साह मात्र कमी झाला नव्हता. दोन हजार एक साली सायबर कॅफेत ट्रेलर मिळतात असं कळलं, तेव्हा ते सकाळी अंघोळ करून पहिल्या गिऱ्हाइकाच्या थाटात जाऊन बसले. दोन मिनिटांचं ट्रेलर उतरायला पाऊण तास लागला. पडद्यावर पुढे सरकणाऱ्या निळ्या पट्टीकडे ते असे बघत होते, जसं माणूस फटाक्याच्या पेटवलेल्या वातीकडे बघतो. आता उडेल, आता उडेल!

नोव्हेंबर दोन हजार चारमधल्या एका दुपारी सलीमची मुलगी अदिबा त्यांच्या दारात धापा टाकत उभी राहिली. लहानपणी ती त्याच काउंटरवर बसून गृहपाठ करायची. आता तिने स्वतः एक माहितीपट काढला होता. सुरगाण्याकडच्या बायका दिवाळीनंतर नाशिकच्या द्राक्षबागांत कामाला येतात, त्यांच्यावर.

"काका, चला. वह्या घ्या. मुंबईच्या महोत्सवाला ट्रेलर पाठवायचंय. कुरिअर पाच वाजता बंद होतं आणि आज शेवटची तारीख आहे."

"अगं, पण मी कशाला?"

"तुम्ही ट्रेलर बघून गोष्ट सांगता. माझ्या ट्रेलरवरून सांगा. बरोबर आली तर पाठवते."

प्रत्यक्ष दिग्दर्शिकेसमोर गोष्ट सांगायची, म्हणजे चौथा रकाना तिथल्या तिथे भरणार. त्र्यंबकरावांनी छातीत दुखतंय असं सांगण्याचा विचार केला. पण वत्सलाबाईंनी आतून वह्यांची पिशवीच आणून हातात दिली.

"जा हो. इतकी वर्षं मला सांगत आलात, आता तिला सांगा."

अदिबाचा मावसभाऊ अमीर याचा नाशिकच्या दहीपुलावर लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता. संगणक एकच. त्याच्या पडद्यावर कुणाचं तरी लग्न अर्धवट थांबलेलं. नवरा घास भरवतोय आणि नवरीच्या डोक्यावर गुलाबी बदाम तरंगतोय. खोलीच्या कोपऱ्यात एक पन्नाशीची बाई भिंतीला टेकून शेंगा सोलत बसली होती.

"ह्या नवसाबाई," अदिबा म्हणाली. "माहितीपट यांच्यावरच आहे. संमतीच्या कागदावर अंगठा हवा होता, म्हणून बागेतून घेऊन आले."

"राम राम बाबा," नवसाबाई म्हणाल्या आणि मूठभर शेंगा पुढे केल्या.

अमीरने लग्न बंद करून ट्रेलर लावलं. घड्याळात सव्वा दोन झाले होते.

काळा पडदा. बासरी. धुक्यातला डोंगर. कुलूप लावलेलं कुडाचं घर. चुलीच्या धुरामागे नवसाबाईंचा चेहरा, डोळ्यांत पाणी. माणसांनी गच्च भरलेली जीप घाटातल्या वळणाआड जाते. रिकामा रस्ता. पुन्हा बासरी. अक्षरं आली, 'स्थलांतर'.

त्र्यंबकरावांनी हिरवी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"बोला ना काका."

"माझं चुकत असेल गं," ते कसंबसं म्हणाले. "पण मला वाटलं... ही बाई गाव सोडून जाते. तिकडे शहरात आजारी पडते. आणि परत येत नाही. म्हणजे... जाते. घर तसंच कुलूपबंद राहतं."

अदिबाचा चेहरा उतरला. ती काही बोलणार तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"मी मेलीय का काय ह्याच्यात?"

नवसाबाई शेंगा बाजूला ठेवून उठल्या होत्या.

"पोरी, चांगली धडधाकट हाय की मी! आन् ती जीप जायाची नाय, येयाची हाय. शिमग्याला घरला चाललो होतो आम्ही. आत नुसता दंगा चालला होता. तू मागून काढला फोटो, म्हून मढं नेल्यावानी दिसतंय."

"आणि ते डोळ्यातलं पाणी?" त्र्यंबकरावांनी न राहवून विचारलं.

"धूर गेला डोळ्यात. लाकडं वली होती."

अमीर इतका हसला की खुर्चीवरून पडायचा राहिला. "अदिबा, तू तो जिंदा बाई को मार डाली!"

"महोत्सवाला गंभीर लागतं असं सगळे सांगत होते," अदिबा रडवेली होऊन म्हणाली. "काका, सिनेमात यातलं काहीच नाही. सिनेमात ह्या मालकाशी भांडतात. मार्चमध्ये माल तयार असतो, मालक सोडत नाही आणि यांना शिमग्याला गावी जायचंच असतं."

त्र्यंबकरावांनी सांगितलेली गोष्ट साफ चुकली होती. आभाळ मात्र कोसळलं नव्हतं. उलट त्या चुकीनेच दाखवून दिलं होतं की ट्रेलर खोटं बोलतंय! ते भराभर वहीची पानं उलटू लागले.

"हे बघ. सत्त्याण्णव सालचं, कोळशाच्या खाणीवरचं. काळा पडदा, बासरी, रिकामा रस्ता. हे आणखी एक, मच्छिमारांचं. बासरी, रिकामी होडी. अगं, हिरव्या वहीत एकेचाळीस वेळा बासरी आहे! एकेचाळीस वेळा मी लिहिलंय, माणूस मरतो. आणि निळ्या वहीत बघ. हे, हे आणि हे. कुणीतरी काहीतरी विचारतं आणि उत्तर यायच्या आत ट्रेलर संपतं. इथे मी गोष्ट लिहूच शकलो नाही. नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या भांडणाची टेप लाव!"

अमीरने टेप शोधली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पडद्यावर द्राक्षाचा मांडव, खाली नवसाबाई, हातात कात्री. समोर पांढऱ्या टोपीतला मालक.

"अहो बाई, माल तोंडाशी आलाय आणि तुम्ही निघाल्या?"

"घड पिकला म्हून शिमगा थांबत नाय, शेठ."

"आणि मी नाही सोडलं तर?"

नवसाबाई मालकाकडे बघतात. कात्री कमरेला खोचतात. लांबून जीपचा हॉर्न वाजतो.

"इथंच!" त्र्यंबकराव उभे राहून ओरडले. जन्मात कधी त्यांनी वाचनालयातल्या दंगेखोर सभासदावरसुद्धा आवाज चढवला नव्हता. "इथंच तोड! पुढे एक क्षणही नको!"

अमीरचे हात चालू लागले. बासरी गेली. धुकं गेलं. जीपच्या आतला दंगा आला, बायका एकमेकींच्या मांडीवर बसून गाताहेत. मग बाग, मग भांडण, मग हॉर्न. अदिबा शेजारून सांगत होती, त्र्यंबकराव मध्येच "हे नको, हे आधी" म्हणत होते, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकत होते. नाव बदललं, 'शिमग्याआधी'.

"काका, शेवटी एक बदाम टाकू का?" अमीरने विचारलं.

"मालकाच्या डोक्यावर टाक," नवसाबाई म्हणाल्या.

चार वाजता संगणकाने डीव्हीडी बनवायला घेतली आणि पडद्यावर पुन्हा एक निळी पट्टी सरकू लागली. चौघंही तिच्याकडे डोळे लावून बसले. साठ टक्क्यांवर ती थांबली. अदिबाने नखं खायला सुरुवात केली. अमीरने संगणकाच्या डबड्यावर हलकेच थाप मारली. पट्टी हलली.

"पण मालकाने सोडलं, का तुम्ही तशाच निघालात हो?" अमीरने सहज विचारलं.

नवसाबाईंनी तोंड उघडलं.

"नका सांगू!" त्र्यंबकराव दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडले. मग स्वतःच थबकले. आजवर त्यांनी कान झाकले होते ते भीतीने. आज त्यांना खरोखरच जाऊन बघायचं होतं.

चार चाळीसला डीव्हीडी तयार झाली. अमीरच्या स्कूटरवर मागे अदिबा, तिच्या हातात पाकीट, पाकिटात अंगठ्याचा कागद. त्र्यंबकराव आणि नवसाबाई दहीपुलाच्या तोंडाशी उभे राहून बघत राहिले. स्कूटर गर्दीत शिरली, एका हातगाडीला वळसा घालून दिसेनाशी झाली. सव्वा पाचला स्टुडिओतला फोन वाजला, अमीरचा होता. कॅनडा कॉर्नरवरच्या कुरिअरवाल्याने शटर अर्धं ओढलं होतं. अदिबा वाकून आत घुसली होती.

डिसेंबरच्या शेवटी मुंबईहून पत्र आलं, निवड झाली. आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी नाशिकमधल्या छोट्या सभागृहात 'शिमग्याआधी' दाखवायचं ठरलं.

त्र्यंबकराव अर्धा तास आधीच पोहोचले. बरोबर वत्सलाबाई. "वही आणलीत का?" त्यांनी विचारलं.

"राहिली घरी," ते म्हणाले. ती मुद्दाम ठेवली होती. आज लिहीत बसायचं नव्हतं. चौथ्या रकान्यात काय लिहायचं ते घरी गेल्यावर बघू. हिरव्या वहीतल्या त्या नोंदीपुढे पहिला शब्द 'चूक' असाच पडणार, हे तर ठरलेलंच होतं, आणि तो कधी लिहितो असं त्यांना झालं होतं.

बागेतून टेंपो आला. नवसाबाई आणि वीस-बावीस बायका डोक्यावर पदर घेऊन, मोठमोठ्याने बोलत आत शिरल्या. नवसाबाई सरळ येऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "काय बाबा, सांगू का सोडलं का नाय ते?"

"बिलकुल नाही!"

"मला तरी सांगा हो," पलीकडून वत्सलाबाई पुढे वाकल्या.

"गप्प बस गं," त्र्यंबकराव म्हणाले, "सुरू होतंय."

दिवे गेले. पडदा उजळला. त्यांचा हात सवयीने छत्रीकडे गेला. त्यांनी ती उचलली, खुर्चीखाली पार आत सरकवून दिली, आणि मागे टेकून बसले.