कौसल्याचा दांडा

चिंचवडच्या त्या शाळेत मी मिस्त्री म्हणून लागलो ते १९७३ साली. त्याआधी बारा वर्षं एका कंपनीच्या पॅटर्न शॉपमध्ये होतो. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, ते आमचं काम. नमुना केसभर वाकडा गेला तर ओतलेला सगळा माल भंगारात. पुढे करवतीत दोन बोटं गेली, कंपनी सुटली आणि चारुलताबाईंनी मला शाळेत घेतलं.

शाळा खासगी होती. सरकारी अनुदान नव्हतं, त्यामुळे मुख्याध्यापिका म्हणून बाईंना हवं ते करून बघता यायचं. त्यांनी मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड घातली. दर शनिवारी मुलांनी तिथं यायचं आणि आपल्या घरात जे अडतं त्यावर काहीतरी हातानं बनवायचं. मी हत्यारं द्यायची, ती धरायची कशी ते दाखवायचं, बास. शेडच्या दारावर बाईंनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : ‘मुलांच्या कामाला मोठ्यांनी हात लावू नये.’ मी चाळिशीत बाईंकडेच अक्षर शिकलो होतो. ती पाटी मला वाचता येत होती, हे आधीच सांगून ठेवतो.

कौसल्या सातवीत होती. वडील भीमराज कंपनीत शिफ्टला, माणसं मूळची बीडकडची, राहायला दापोडीला चाळीत. अशा चार-पाच मुलांना बाईंनी फी माफ केली होती. ही पोर आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर असायची. बाईंनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, “नळाला बसावं लागतं.”

तिची आई छबूबाई कानानं ठार बहिरी. घरात मशीनवर ब्लाउज शिवायची. चाळीच्या नळाला दुपारी कधीतरी अर्धा तास पाणी यायचं. कधी एकला, कधी तीनला. शेजारणींची गडबड तिला ऐकू यायची नाही. ती उठेपर्यंत पाणी गेलेलं असायचं. म्हणून पोरीनं शाळा बुडवून नळाकडे बघत बसायचं.

त्यावर कौसल्यानं शेडमध्ये जे बनवलं ते असं : नळाजवळ तराजूसारखा मध्यावर टेकवलेला एक आडवा दांडा. त्याच्या एका टोकाला डालड्याचा रिकामा डबा, तो नळाखाली. पाणी आलं की डबा भरून जड होणार, ते टोक खाली जाणार, दुसरं वर उचलणार. त्या टोकाची दोरी खिडकीतून आत, आणि दोरीला बांधलेली लाल चिंधी मशीनवर बसलेल्या आईच्या तोंडासमोर वर चढणार. बहिऱ्या बाईला दिसेल असं पाणी!

सगळं ठीक होतं. दांडा मात्र पेरूच्या झाडाची फांदी, मध्येच कोपरासारखी वाकलेली.

“कौसे, हॉकी आणलीस का काय?” पोरं चिडवायची.

“तुज्या डोस्क्यात घालायला आणलीय,” ती म्हणायची आणि खाली मान घालून कानस घासत राहायची.

तो दांडा वाकडा का, ते मी तिला कधी विचारलं नाही.

सोमवारी प्रदर्शन होतं. संस्थेची मंडळी येणार होती, कंपन्यांतले साहेब येणार होते. रविवारी दुपारी मी शेड झाडायला गेलो. टेबलांवर सगळ्यांच्या वस्तू मांडलेल्या. त्यात तो वाकडा दांडा माझ्या डोळ्यांत खुपायला लागला. मनात आलं, गरिबाची पोर, उद्या साहेब लोक हसतील. माझ्याकडे सागाचा एक चांगला तुकडा होता. तासाभरात ओळंब्यात सरळ दांडा केला, रंधा मारला, पॉलिश दिलं. डबा, दोरी, चिंधी त्यावर चढवली. फांदी दोन तुकडे करून सरस वितळवायच्या चुलीत घातली.

सकाळी कौसल्या आली. टेबलासमोर उभी राहिली.

“मामा, माझा दांडा?”

“हा काय. सरळ करून दिला बघ. आता कोण हॉकी म्हणतंय!”

“जुना कुठाय?”

“जाळला की.”

तिनं नव्या दांड्यावरून बोट फिरवलं. तेवढ्यात पाहुणे आले. तिनं नळाच्या जागी धरलेल्या रबरी नळीतून पाणी सोडलं, डबा खाली गेला, चिंधी झरकन वर चढली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. “मुलीचा हात कारागिराचा आहे,” असं एक जण म्हणाला. पहिला नंबर तिला मिळाला. मी इतका खूश होतो, की तिचं तोंड बघायचं राहून गेलं.

त्यानंतर तीन दिवस ती शाळेत आली आणि मग यायची बंद झाली. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मला वाटलं, गावी गेली असेल. शेवटी बाईंनी विचारलं, “ज्योतीराम, नळाला आता माणूस लागायला नको ना? मग मुलगी का येत नाही?”

मी दापोडीला गेलो. चाळीतला नळ बघितला. नळाच्या अगदी अंगाला लोखंडी खांब होता, वीतभरही जागा नाही. सरळ दांडा खांबाला अडत होता, खाली जातच नव्हता. पेरूची फांदी खांबाला वळसा घालून जात होती. कुठल्या कुठल्या झाडांखाली फिरून त्या पोरीनं ती नेमक्या मापाची शोधली असेल.

भीमराज घरीच होते. म्हणाले, “पोरगी म्हनली, दांडा तिरका बांधलाय, चालंल, मी शाळेत जाते, चिंधी सांगंल. तिच्या आईनं चिंधीवर इस्वास ठेवला. तीन दिवस घरात पानी न्हाई. मी शिफ्ट करून आलो तर प्यायला थेंब न्हाई, मिस्त्री. शाळा बंद केली मग तिची.”

“चूक माझी आहे, भीमराजभाऊ. तिची नाही.”

“कुनाची बी असू द्या. पानी तर भरायचंच हाय.”

पुढचा आठवडा मी पवनेच्या काठानं बाभळी, लिंब, पेरू बघत हिंडलो. तसा वाक मिळाला, तेव्हा तो रंधा न लावता तसाच नेऊन नळावर बसवला. तांब्यानं डब्यात पाणी ओतलं. चिंधी वर चढली. छबूबाई मशीन थांबवून लहान मुलीसारखी हसली.

कौसल्यानं दांडा दाबून बघितला. “बसलाय बरोबर,” म्हणाली. मग खालच्या आवाजात, “मला इचारायचं होतं ना, मामा. आधी.”

मी भीमराजला म्हटलं, “आता धाडा तिला.”

“बघू,” ते म्हणाले. “आता ती काज-बटनं करती. आईचं निम्मं काम हलकं झालंय.”

बाईंनीही जाऊन सांगितलं. दोनदा गेल्या. त्यांनाही “बघू” हेच ऐकायला मिळालं.

पावसाळा सरल्यावर मी पुन्हा दापोडीला गेलो. नळावर दांडा नव्हता. शेजारणींच्या हंड्यांना आडवा येतो म्हणून कुणीतरी काढून टाकला होता. कौसल्या नळाजवळच्या दगडावर बसली होती. मांडीवर ब्लाउज, हातात सुई. समोर कळशी आणि दोन हंडे रिकामे.

“पानी अजून यायचंय, मामा,” ती म्हणाली. “बसा.”

मी बसलो.