थेल्माला गुहेत उतरवणारा दोर

मित्रांनो, तुम्ही विहिरीचा दोर पाहिला असेल, झोक्याचाही पाहिला असेल. मी मात्र माणसांना जमिनीच्या पोटात उतरवणारा एक जुना दोर आहे. जाडीनं करंगळीएवढा, रंगानं एके काळी पांढराशुभ्र. माझ्या आत धाग्यांचा गाभा आहे आणि त्यावर विणलेलं घट्ट कवच. वजन गाभा पेलतो, खरचटणं कवच सोसतं.

गिरणीतून मी थेट इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या डोंगरात आलो, गुहांत उतरणाऱ्यांच्या एका मंडळात. तिथली शिकवणारी रोवेना. एरवी ती शाळेत मुलांना गाणी शिकवायची. तिनं मला आधी स्वतःच्या न्हाणीघरात भिजत घातलं. पाण्यानं मी आखडलो, वीण घट्ट झाली. मग सावलीत वाळवून तिनं माझ्या टोकाला एक जाडजूड गाठ मारली. उतरणारा माणूस टोकावरून निसटू नये म्हणून.

माझी पहिली विद्यार्थिनी थेल्मा. ती गावात टपाल वाटायची. तिचा नवरा डेरेक कितीतरी वर्षं गुहांत उतरत होता आणि दर रविवारी जेवताना एकाच दालनाचं वर्णन करायचा. त्या दालनाच्या छताला म्हणे शेवयांसारख्या बारीक, पांढऱ्या दगडी नळ्या लोंबतात. एका रविवारी थेल्मानं त्याला मध्येच तोडलं.

"पुरे झालं तुझं वर्णन. मीच येते बघायला."

"अगं, पडदे लावायला शिडीवर चढताना तुझे पाय लटपटतात!"

"म्हणून तर शिकायचंय."

रोवेनानं मला मेंढ्यांच्या रिकाम्या गोठ्यात तुळईला टांगलं. थेल्मानं कमरेला पट्टे आवळले, उतरायचं यंत्र माझ्यावर चढवलं आणि ती मागे झुकणार, तोच रोवेना ओरडली, "थांब! दार उघडं आहे."

"घराचं?"

"यंत्राचं, बाई! खिट्टी लावायची राहिलीय."

थेल्मा आधी पांढरीफटक पडली, मग खो खो हसत सुटली. त्या दिवसापासून ती प्रत्येक खिट्टी डोळ्यांनी बघायची आणि बोटानं दाबूनही बघायची. चढणं तिला जास्त जड गेलं. माझ्यावर दोन पकडी लावायच्या, एक छातीशी आणि एक हातात. हातातल्या पकडीला पायासाठी फास असतो. त्यात उभं राहायचं, मग छातीच्या पकडीवर बसायचं, हातातली वर सरकवायची, पुन्हा उभं राहायचं. पहिल्या दिवशी ती माझ्याभोवती गरगर फिरली आणि एकदा तर उलटी लोंबकळली. "आता मला वरचं खाली दिसतंय," ती म्हणाली, "पण छान दिसतंय!" मग दोघींनी जमिनीवर बसून फ्रूट केक आणि चीज खाल्लं.

आणि मग खरी गुहा. खोल विवर, एका बाजूनं पाण्याची धार. मी खडकावर घासू नये म्हणून मला अर्ध्या वाटेवर भिंतीत ठोकलेल्या कडीला पुन्हा बांधलं होतं. रोवेना आधीच खाली पोचली होती. डेरेक वर थांबला होता. थेल्मा कडीपर्यंत छान आली. तिनं कमरेची आखूड दोरी कडीत अडकवली, यंत्र वरच्या भागातून काढून माझ्या खालच्या भागावर चढवलं, खिट्टी दाबून पाहिली. आता फक्त ती आखूड दोरी सोडवायची होती. पण दोरी ताणलेली. थेल्माचं सगळं वजन त्या दोरीवरच! थेल्मानं हातांनी स्वतःला उचलायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. हात भरून आले. पाण्याच्या आवाजात खालून रोवेनाचं काहीच ऐकू येईना.

"थेल्मा!" वरून डेरेक घाबरून ओरडला. "मी येऊ का?"

"तू तिथंच उभा राहा!"

"पण तू अडकलीयस!"

"अडकले नाही, विचार करतेय! जरा गप्प बस ना!"

ती खरंच थांबली. कडीपाशी माझा एक सैल झोळ होता. तिनं तो पाहिला, हसली, आणि रिकिबीत घालावा तसा त्यात पाय घातला. उभी राहिली. वजन माझ्यावर आलं, दोरी ढिली पडली, टिक करून सुटली. मित्रांनो, तो पाय मी जन्मात विसरणार नाही!

थोड्याच वेळात तळातून तिची आरोळी घुमली, "दोर मोकळा!" वर डेरेक एकटाच टाळ्या वाजवत होता, मग तोही माझ्यावरून खाली आला. दालनात त्या पांढऱ्या नळ्यांखाली ती बराच वेळ मान वर करून उभी राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "तुला वर्णन करायला अजिबात जमत नाही रे."

पुढची वर्षं सुखाची गेली. मग एका घाईच्या दिवशी कुणीतरी मला दगडाच्या धारेवर तसंच सोडलं. माझं कवच शाबूत दिसत होतं, पण आतला गाभा एका जागी चेपला. कुणी पाहिलं नाही. चिखलानं माखलेला मी गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिलो. उंदरांनी माझ्यात संसार थाटला.

मला शोधलं थेल्मानंच. रोवेनाच्या जागी आता ती शिकवत होती. तिनं मला धुतलं, हातांतून सरकवलं आणि त्या जागी तिची बोटं थांबली. तिनं मला फेकलं नाही. नव्या दोरांत ठेवलं आणि शिकायला आलेल्या गॅविन नावाच्या लाजाळू, धिप्पाड नळदुरुस्तीवाल्याला सांगितलं, "यातला एक निवड आणि तुळईला बांध."

नवे दोर राठ होते, मी मऊ. त्यानं मला उचललं. दोन्ही हात पसरून वावभर, वावभर तपासत आला आणि थांबला. मला दुमडून पाहिलं.

"हा नको."

"का रे? दिसायला तर झकास आहे," थेल्मा भोळेपणाचा आव आणून म्हणाली.

"बाहेरून झकास आहे. पण इथं आत काहीतरी दबलंय." तो लाजून लाल झाला. "तुम्ही रागवा हवं तर. मी यावर लटकणार नाही."

थेल्मानं त्याला कडकडून मिठी मारली. "शाब्बास! याच्यावरून मीही पहिल्यांदा उतरले. आज मीसुद्धा लटकले नसते!"

मित्रांनो, मला मुळीच वाईट वाटलं नाही. दोरांना धुवा, सावलीत वाळवा, दगडाच्या धारेपासून जपा. आमच्यावर माया जरूर करा, पण नुसत्या मायेच्या भरवशावर लटकू नका. दर वेळी हातांतून सरकवून बघा.

गॅविन नव्या दोरावरून धापा टाकत, हसत वर निघाला. मी खाली वेटोळं घालून निवांत पडलो होतो. अंगावर कुणाचंच वजन नव्हतं, आणि तरी वाटत होतं, आज मी एका माणसाला सुखरूप घरी पोचवलं.